बांधलेलं लाकूड

पुराच्या पाण्यात हात घातला की आधी बोटांची टोकं जातात. मग पेरं जातात. मग मनगटापर्यंतचा हात आपला राहतच नाही. तो दिसतो, हलतो, सांगितलेलं कामही करतो, पण दुसऱ्याच कुणा बाईचा असल्यासारखा. आज सकाळी नीरेवर धुणं पिळताना माझं तसंच झालं. पाणी घाटाच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत चढलं होतं आणि पोरं काठाकाठानं पळत ओरडत होती, "लाकूड आलं, लाकूड आलं!" झाडून सगळ्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. मी पिळत राहिले. शेजारची म्हणाली, "तुम्ही काय बाई डोंगरातल्या, तुम्हाला कसली याची नवलाई!" मी हसले. हसायला मला फार कष्ट पडत नाहीत. लोकांना वाटतं तितकी मी दुःखी बाई नाही.

माझं माहेर वेल्ह्याच्याही आत, गडाच्या खांद्याखाली. लग्नानंतर मी भोरला आले. आमचे हे शाळेत मास्तर, त्यांनीच मला अक्षरं शिकवली, म्हणून हे लिहिते आहे. नाहीतर आमच्या वाडीत लिहिण्याजोगं काही घडतं असं कुणालाच वाटत नव्हतं. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी कशाला लिहायच्या? आणि ज्या माहीत नाहीत, त्या आपल्याला कुठं ठाऊक असतात?

वाडीच्या अंगाला लागून ओढा होता. उन्हाळ्यात त्याला ओढा म्हणायलासुद्धा जीव धजायचा नाही. नुसते धोंडे, त्यांच्यामधून शेरडं चालायची, आणि वरच्या अंगाला खडकात पाण्यानं कोरलेले रांजण, त्यात आम्ही पोरी बसायचो. आषाढात तोच ओढा असा काही यायचा की घरात बोललेलं घरात ऐकू जायचं नाही. वर उभ्या कड्यावरून उडी, मग त्या रांजणांमधून गरगर फिरून येणारं पाणी, मग दोन खडकांमधली चिंचोळी वाट, तिथून पुढे वळण. वळणापलीकडे आमच्या काठाला जरा संथ पडलेलं पाणी होतं. ते चुकलं तर पुन्हा घळ, आणि घळीच्या तोंडाशी खालच्या वाडीचा डोह. त्या पाण्यात माणूस उतरतो हे भोरच्या बायकांना सांगितलं तर त्या मला खोटारडी म्हणतील. पण आमचे लोक उतरायचे. लाकडासाठी उतरायचे.

संस्थानचा अंमल होता. उभं झाड तोडायचं तर परवानगी लागे, आणि परवानगीसाठी खेपा घालायला सवड कुणाला होती? पण डोंगरात उन्मळून पडलेलं, पुरानं आणलेलं लाकूड, ते ज्याला धरता येईल त्याचं. एवढं मात्र कुणी अडवत नव्हतं. म्हणून पाऊस लागला की बापये काठावर जाऊन बसायचे. वरच्या खडकावर एकजण राखणीला. तो हाळी द्यायचा आणि ज्याची पाळी तो उडी टाकायचा.

उडी टाकायची ती सांगडीवर. दोन मोठे कडू भोपळे, वाळवलेले, जाळीत घालून मधे पांगाऱ्याच्या लाकडानं एकमेकांना जखडलेले. त्या दोघांच्या मधे छाती टेकायची, पाय मोकळे, हातात वल्ह्यासारखी एक आखूड फळी. खडक आला की फळीनं रेटा द्यायचा, भोवरा आला की पाय ताणून आडवं व्हायचं. हे मी वरून बघितलेलं सांगते आहे. माझा दादा ते सांगत नसे. त्याला विचारलं की म्हणायचा, "पानी जातंय तकडं जायाचं, आन् जायाचं न्हाई असं दाखवायचं."

भोपळे आई लावायची. गोठ्यावर वेल सोडायची आणि गुरं, पोरं, माकडं, सगळ्यांपासून त्यांची राखण करायची. शिमग्याच्या सुमाराला वाळले की चुलीवरच्या धुरात टांगायची. मग पाऊस तोंडावर आला की दादा एकेक भोपळा कानाशी धरून टिचकी मारून बघायचा. आई चुलीपुढून म्हणायची, "म्हादू, त्यो काय बोलतोय का तुज्याशी?" दादा म्हणायचा, "बोलतोय. म्हनतोय, आईला सांग भाकर करपली."

लाकडाला हात लागला की पहिलं काम चिंधी बांधायची. प्रत्येक घराची चिंधी निराळी. कुणी मुंडाशाची बांधे, कुणी घोंगडीची दशी. एकदा चिंधी बांधली की ते लाकूड त्याचं. पुढे ते हातातून सुटलं, वाहत चार वाड्या ओलांडून गेलं, तरी त्याचंच. बांधलेल्या लाकडाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. ते कुठं अडकलं तर मालकाला निरोप धाडायचा आणि त्यानं येऊन आपल्या हातानं गाठ सोडायची. या एका गोष्टीवरून आमच्याकडे कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. बांधावरून डोकी फुटायची, सोयरीक मोडायची, पण चिंधीला कुणी बोट लावलं नाही. त्याचा आम्हाला अभिमान होता. भोरच्या लोकांना मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, आमच्याकडे असं नसतं म्हणून.

आमच्या घराचं आढं कुजलं होतं. आढं म्हणजे छपराच्या मधोमधचं आडवं लाकूड, सगळं छप्पर ज्याच्यावर बसतं ते. त्याला खालून टेकू लावला होता. तो टेकू माजघराच्या बरोबर मधे, चुलीकडून दाराकडे जायच्या वाटेवर. दिवसातून दोनदा तरी कुणी ना कुणी त्याच्यावर आदळायचं. दादा उंच, त्याचं कपाळ ठरलेलं. आदळल्याचा आवाज झाला की आई हातातलं काम न सोडता, मान न वळवता विचारायची, "लागलं का?" आणि जो आदळला असेल तो म्हणायचा, "न्हाई." डोळ्यांत पाणी आलं असलं तरी न्हाईच म्हणायचं. हे आमच्या घरचं बोलणं होतं, दुसऱ्या कुठल्या घरी लोक रामराम करतात तसं.

वहिनी घरात आली तेव्हा पहिल्याच दिवशी, डोक्यावर पदर, हातात पाण्याची कळशी, थेट टेकूवर. आईनं विचारलं, "लागलं का?" नवी नवरी काय बोलणार? ती हळू म्हणाली, "व्हय." घर खदखदून हसलं. बिचारी पारूवहिनी, तिला कळेना आपलं काय चुकलं.

त्या साली मी पंचमीला माहेरी आले होते. दादानं मनावर घेतलं होतं की यंदा आढं आणायचंच. वहिनीनं तिचं लग्नातलं हिरवं लुगडं काढलं, पदराशी विरलेलं, आणि त्याची एक लांब पट्टी फाडली. आई म्हणाली, "अगं, नेसायचं लुगडं फाडतीस?" वहिनी म्हणाली, "आत्याबाई, आढ्याला मुंडाशाची चिंधी शोभंल का?" दादानं पट्टी मनगटाला गुंडाळली आणि निघाला. दाराकडे जाताना त्याचं कपाळ टेकूला लागलं की नाही, हे मला आठवत नाही. किती वेळा आठवून बघितलं. तेवढंच आठवत नाही.

पाऊस सारखा नव्हता, धुकं होतं. वहिनी आणि मी डोक्यावर इरली घेऊन वळणाच्या अलीकडे उभ्या होतो. वरून हाळी आली. रांजणांतून एक लांब, सरळ, वाळलेला ऐनाचा सोट बाहेर पडला. बघताक्षणी कुणीही म्हणावं, हे आढं. दादा सांगडीवर छाती टाकून त्याच्या बाजूनं उतरला. चिंचोळीत तो दिसेनासा झाला, मग फेसातून वर आला, फळीचा एक रेटा, दुसरा रेटा, आणि सोटाच्या अंगाला लागला. त्यानं मनगटावरची पट्टी सोडली आणि एका टोकाला गाठ मारली. दोन हातांनी, दातांनी ओढून. हिरवं चटकन दिसलं. वहिनीनं माझा दंड असा धरला की तिची नखं मला रुतली. मग सोट आणि दादा दोघेही वळणाआड गेले. वळणापलीकडे संथ पाणी होतं, तिथं तो लाकूड काठाला लावायचा आणि चालत घरी यायचा. नेहमी तसंच व्हायचं. आम्ही भाकरी थापायला घरी गेलो.

दिवेलागणीला अंगणात माणूस आला. खालच्या वाडीचा रामा, डोक्यावर घोंगडीची खोळ, सगळा निथळत. चढून आल्यामुळे धापा टाकत होता, पण चेहरा खुललेला. चांगला निरोप आणणाऱ्या माणसाचा असतो तसा.

"मावशे, तुमचं लाकूड आमच्या डोहात लागलंय," तो म्हणाला. "हिरवी चिंधी बगितली आन् वैनीचं लुगडं वळाकलं. कुनी हात लावला न्हाई. सवडीनं येऊन घेऊन जावा."

आईनं त्याला गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या दिला. मग विचारलं, "आन् म्हादू?"

रामानं तांब्या तोंडापासून खाली केला. "म्हादू? त्यो घरी न्हाई?"

पुढचं मी सांगू शकते, सगळं आठवतं. लोक पलिते घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी गेले, त्याच्या पुढच्या दिवशी गेले. दादा सापडला नाही. एक भोपळा फुटलेला सापडला, घळीत, खडकाच्या फटीत. बाकी काही नाही. हे सगळं आठवतं, पण त्यावेळी मला काय वाटत होतं विचाराल तर काही नाही. मला काहीच वाटत नव्हतं. घरात बायका येऊन रडत होत्या आणि मी त्यांच्या पायांचा चिखल किती येतोय तेवढं बघत होते. आईनं चूल विझू दिली नाही. वहिनी तिसऱ्या दिवशी भाताच्या खाचरात उतरली, कारण आवण, म्हणजे लावणी, राहिली होती आणि रोपं पिवळी पडायला लागली होती. मीही तिच्या शेजारी वाकले. गार पाण्यात रोपं लावता लावता बोटं गेली, मग हात गेले, आणि मला वाटलं, बरं झालं, आता सगळीकडे सारखंच. आम्ही दोघींनी ते अख्खं खाचर लावलं. रोपं सरळ रेषेत आली होती. त्या साली भात चांगला झाला.

खालच्या वाडीत त्या दिवशी काय झालं, ते रामानं पुढं केव्हातरी आईला सांगितलं. त्यांचे लोक घळीच्या तोंडाशी आकड्या घेऊन उभे होते. लांब बांबूला लोखंडी आकडी, त्यानं ते लाकडं ओढतात. सोट आला, चारपाच आकड्या पुढं झाल्या, आणि कुणीतरी ओरडलं, "बांदल्यालं हाय, सोडा!" तशा सगळ्यांनी आकड्या वर उचलल्या. वाट करून दिली. "पल्याडच्या अंगाला कायतरी दिसलं, मावशे," रामा म्हणाला. "फांदी आसंल, वाटलं. पान्याचा आवाज तर तुमाला म्हाईत हाय." आई म्हणाली, "म्हाईत हाय." आणि त्याला पुन्हा गूळपाणी दिलं.

मी रागवायचा प्रयत्न करून पाहिला. खरंच केला. भोरला घरात बसून मी मनातल्या मनात त्या माणसांना शिव्या द्यायला घ्यायची आणि दोन शिव्यांवर अडायची. त्यांनी काय केलं? आमचं लाकूड आमचं ठेवलं. त्यांच्यात एक जरी चोर असता तर माझा भाऊ जिवंत राहिला असता. असला राग कुणावर काढायचा? आमचे हे समजूत घालायला गेले की मी त्यांना भाजी काय करू ते विचारायची. त्यांना वाटायचं मी सावरले. मी सावरले नव्हते, मी नव्हतेच तिथं.

लाकूड डोहाच्या काठाशी पडून राहिलं. गाठ मारणाऱ्यानंच गाठ सोडायची, आणि तो तर आला नव्हता. आईनं निरोप धाडला, "त्यो ईल आन् निईल." खालच्या वाडीनं ऐकलं. दर आषाढात पाणी चढायच्या आधी ते सोटाला दोर टाकून उंबराला बांधायचे. तो दोरसुद्धा काठीनं टाकायचे, लाकडाला हात लागू नये म्हणून. आणि आमच्या घरात आढं कुजत होतं, टेकू होता तिथं होता. मी पंचमीला यायची, आदळायची, आई विचारायची, "लागलं का?" मी म्हणायची, "न्हाई." कुणी हसत नसे, पण बोलणं चालू होतं.

वहिनीचं कुंकू तसंच होतं, बांगड्या तशाच. तिचा भाऊ कायमची न्यायला आला, ती गेली नाही. बाया कुजबुजायच्या, पण आईपुढं कुणाची बोलायची छाती नव्हती. चिंधी लाकडावर होती, म्हणजे मालक यायचा होता. चिंधी कुजून पडली तर लाकूड बेवारशी, ज्याला धरता येईल त्याचं. मग वहिनीचं काय, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना कळत होतं.

नवलाची गोष्ट अशी, की चिंधी कुजली नाही. ऊन, पाऊस, पूर, दर सालचं पाणी तिच्यावरून जायचं आणि ती हिरवीच. मी एकदा डोहावर जाऊन बघितली. पहिल्या सालापेक्षा हिरवी होती. रामाची बायको माझ्या शेजारी उभी होती. ती माझ्याकडे बघेना, पाण्याकडे बघत म्हणाली, "तुमची वैनी म्हायेराला जाताना ह्याच वाटंनं जाती. ती आली की आमचे बापये दुसरीकडं तोंड करून बसत्यात." मी लाकडाच्या जवळ सरकले. मग तीच म्हणाली, "गाठ मातर त्याचीच हाय. ती सोडत न्हाई. तिच्यावरच बांदती." मी वाकून बघितलं. खालची गाठ काळी पडली होती, लाकडाच्या अंगात रुतली होती. तिच्यावर एकावर एक, जुन्या नव्या, हिरव्या पट्ट्या.

किती सालं असं चाललं ते मी मोजलं नाही. मग एका पंचमीला मी माहेरी होते. आई सूप घेऊन तांदूळ निवडत होती, वहिनी चुलीपुढे. बाहेर तोच आवाज. वहिनी उठली, पेटीतून काहीतरी काढून आणलं आणि आईपुढं ठेवलं. लुगड्याचा काठ होता, नुसता काठ, वीतभर.

"आत्याबाई, लुगडं सपलं," ती म्हणाली.

मला वाटलं आई विचारेल, कसलं लुगडं, कशानं संपलं. आईनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग तो काठ हातात घेतला, मांडीवर ठेवून बोटांनी सरळ केला. कितीतरी वेळ सरळच करत होती.

"मंग आना त्याला घरी," ती म्हणाली.

पाऊस उघडल्यावर वहिनी डोहावर गेली. मी तेव्हा भोरला परतले होते, हे रामाच्या बायकोनं सांगितलेलं. पाणी ओसरलं होतं तरी गार होतं आणि सोटाचं ते टोक पाण्यात होतं. वहिनी गुडघाभर पाण्यात उभी राहून गाठ सोडत होती. वरच्या गाठी सुटल्या. दादाची सुटेना. खालच्या वाडीचे सगळे बापये काठावर आले होते, कोयते होते त्यांच्याजवळ, पण कुणी पुढं झालं नाही. तिच्या बोटांना काही कळेनासं झालं, तेव्हा तिनं दात लावले. त्यानं दातांनी ओढली होती, तिनं दातांनी सोडली. मग ती काठावर आली आणि रामाला म्हणाली, "आता लावा हात." त्यांनीच ते खांद्यावर वाहून आणलं, घळीच्या कडेकडेनं, चढ चढून. अंगणात ठेवल्यावर रामा आईला म्हणाला, "मावशे, येक डाव बी हात लावला न्हवता आमी." आई म्हणाली, "ठावं हाय बाबा." एवढं बोलून ती घरात गेली. बरोबर आलेला एक म्हातारा मात्र हमसून रडला म्हणतात. सोट वाहत आला त्या दिवशी सगळ्यात पुढं त्याची आकडी होती.

पुढच्या श्रावणात मी गेले तेव्हा आढं चढलं होतं. सुतारानं तासून गुळगुळीत केलं होतं, फक्त गाठीची खाच तेवढी राहू दिली होती. छप्पर नवं, एक थेंब गळत नव्हता. वहिनीचं कपाळ मोकळं होतं, हात मोकळे होते. ती माझ्याकडे बघून नेहमीसारखी हसली, मीही हसले. टेकू काढून टाकला होता. त्या जागी शेणानं सारवून घेतलं होतं, कुठं काही होतं असं कळूही नये.

पण आई चुलीकडून दाराकडे निघाली आणि मधे आल्यावर डावीकडून वळसा घालून गेली. थोड्या वेळानं वहिनी सरपण घेऊन आली, तिनंही तसाच वळसा घातला. दोघींना त्याचा पत्ता नव्हता. मी बघत बसले होते. मला तेव्हाही काही वाटलं नाही. एवढंच वाटलं, की या दोघी आता जन्मभर असंच चालणार.

मग मी पाण्याला म्हणून उठले. रिकामी कळशी कमरेवर घेतली आणि बोलता बोलता, लक्ष नसताना, सरळ गेले. थेट टेकूच्या जागेवरून. काहीच आडवं आलं नाही. माझं अंग मात्र तिथं आदळायच्या तयारीनं आवळलं होतं, डोळे मिटले होते, आणि पुढं नुसती हवा होती. कळशी हातातून सुटली. ती सारवलेल्या भुईवर गडगडत गेली आणि मी तिथंच मटकन खाली बसले.

चुलीपुढं आई भाकरी उलटत होती. तिनं मान वळवली नाही.

"लागलं का?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं.